उन्हाने कातडी भाजली? आधी माठातले पाणी, मग कोरफड. टूथपेस्ट आणि लिंबू मात्र नको

उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली की सकाळी रानात गेलेल्या बायका दुपारपर्यंत वाकलेल्याच असतात. डोक्याला रुमाल असतो, तोंडावर पदर असतो. पण मानेची मागची बाजू, ब्लाउज आणि साडी यांच्यामधली पाठीची पट्टी आणि कोपराखालचे हात उघडेच राहतात. काम करताना फारसे काही जाणवत नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मग आग सुरू होते. कूस बदलली तरी चुरचुरते, झोप लागत नाही आणि सकाळी पुन्हा रोजाने जायचे असते.

यालाच डॉक्टर सनबर्न म्हणतात. अशा वेळी घरात हाताला लागेल ते लावले जाते. कोणी टूथपेस्ट लावतो, कोणी लिंबू चोळतो, कोणी तूप लावतो, तर कोणी हळद. यातल्या काही गोष्टींनी आग उलट वाढते. खरा आराम देणाऱ्या गोष्टी साध्या आहेत आणि बहुतेक घरांत असतातच.

भाजले आहे, हे कसे ओळखावे?

कातडी भाजते ती उन्हाच्या उष्णतेने नव्हे, तर उन्हातल्या अतिनील किरणांनी. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला जाणवतही नाहीत. त्यामुळे गार वारा सुटलेला असताना किंवा आभाळ थोडे भरून आलेले असतानाही कातडी भाजू शकते. विहिरीत, कॅनॉलमध्ये पोहणाऱ्या पोरांचे खांदे असेच भाजतात. पाण्यात अंग गार असते, त्यामुळे घरी येईपर्यंत त्यांना पत्ता लागत नाही.

त्रास साधारण ३ ते ५ तासांनी सुरू होतो. १२ ते २४ तासांत तो सगळ्यात जास्त असतो. त्यानंतर आग कमी होत जाते, काही दिवसांनी कातडी सोलून निघते आणि आठवडाभरात बहुतेकांना बरे वाटते.

गोऱ्या माणसाची कातडी लाल होते, पण सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असे नाही. तिथे हाताला लागणाऱ्या खुणा बघाव्यात. ती जागा बाकीच्या अंगापेक्षा गरम लागते, ताठ वाटते, कपडा घासला तरी दुखते. ‘आपली कातडी काळी, आपल्याला ऊन लागत नाही’ हा समज अर्धाच खरा आहे. सावळ्या कातडीला थोडे जास्त संरक्षण असते, पण दिवसभराच्या उन्हात तीही भाजते.

पहिला उपाय: सावली आणि पाणी

आग जाणवायला लागली की आधी उन्हातून बाजूला व्हावे. ‘एवढा एक वाफा उरकतो’ म्हणून थांबले की तेवढीच जखम वाढते. त्यानंतर असे करावे:

१. अंगावरचा घट्ट कपडा सैल करावा. बांगड्या, कडे, अंगठी लवकर काढावी, कारण हाताला सूज आली तर नंतर निघत नाही.

२. भाजलेल्या जागेवर १० ते २० मिनिटे गार पाणी घालावे. माठातले पाणी यासाठी अगदी बरोबर असते, कारण ते गार असते पण बर्फासारखे थंड नसते. बर्फ किंवा फ्रीजमधले अतिथंड पाणी थेट लावू नये, भाजलेल्या कातडीला त्याने आणखी इजा होते.

३. पाण्याची टंचाई असेल तर बादलीभर पाणी ओतण्याची गरज नाही. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा स्वच्छ तुकडा माठाच्या पाण्यात भिजवून हलका पिळावा आणि भाजलेल्या जागेवर ठेवावा. गरम झाला की पुन्हा भिजवावा. दोन-तीन तांब्यांत काम होते. दिवसातून चार-पाच वेळा असे केले तरी चालते.

४. साबण, घासणी, खरखरीत टॉवेल त्या जागेवर नको. पुसताना चोळू नये, फडक्याने नुसते टिपून घ्यावे.

कोरफड लावायची, पण नीट काढून

अनेक घरांच्या अंगणात किंवा बांधावर कोरफड असते. तिचा गर थंडावा देतो आणि कातडीचा ओलावा टिकवतो. मात्र पान तोडून तसेच चोळणे चुकीचे आहे. पान कापल्यावर सालीजवळून पिवळसर कडू चीक गळतो. हा चीक काहींच्या अंगाला खाजतो.

जाड पान बुडातून कापावे आणि कापलेली बाजू खाली करून १०-१५ मिनिटे उभे ठेवावे. चीक निथळून गेला की पान धुवावे, कडेचे काटे आणि साल काढावी आणि आतला पांढरा पारदर्शक गर तेवढा घ्यावा. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघावा. अर्ध्या तासात खाज किंवा पुरळ आले नाही तर भाजलेल्या जागेवर पातळ थर द्यावा. फोड फुटलेले असतील किंवा कातडी उघडी पडली असेल तर हा घरचा गर लावू नये.

काकडीचा गार कीस स्वच्छ फडक्यात घालून ठेवला तरी बरे वाटते. गार दह्यानेही थोडा वेळ थंडावा मिळतो, पण गुण त्याच्या गारव्याचा आहे. दही लावलेच तर ते वाळू न देता १० मिनिटांत पाण्याने धुवून टाकावे. मेडिकलमध्ये मिळणारे कॅलामाइन लोशनही खाज आणि आग कमी करते.

हे लावू नका

* टूथपेस्ट: तोंडात गार लागते म्हणून लावतात. पण त्यातल्या पुदिन्याच्या अर्काने आणि फेस करणाऱ्या पदार्थांनी भाजलेली कातडी आणखी चुरचुरते.
* लिंबू: सगळ्यात घातक. लिंबाचा रस अंगावर असताना पुन्हा ऊन लागले तर तिथे फोड येऊ शकतात आणि काळे डाग पडतात. ते डाग जायला काही महिने लागतात.
* तूप, तेल, व्हॅसलिन: पहिल्या एक-दोन दिवसांत नको. त्याचा थर बसला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. आग पूर्ण थांबल्यावर, कातडी सोलायला लागली की खोबरेल तेलाचा हलका हात फिरवायला हरकत नाही.
* खाण्याचा सोडा, मुलतानी माती: दोन्हींनी कातडी कोरडी पडते आणि ताणते.
* हळद, शेण, माती: फुटलेल्या फोडावर यातले काहीही नको. हळदीच्या पिवळ्या रंगाखाली पू झाला तरी दिसत नाही. शेणामातीतून धनुर्वाताचा धोका असतो.
* गोरे करणाऱ्या क्रीम: दुकानदाराने दिलेल्या अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते. आधी बरे वाटते, पण सतत लावल्याने कातडी पातळ होते आणि पुढे ऊन अजिबात सहन होत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

फोड आले तर सुईने टोचू नयेत. फोडाची कातडी हीच खालच्या जखमेची पट्टी असते. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्याने धुवून सैल, स्वच्छ सुती कापडाने झाकावा. सोलून निघणारी साल ओढून काढू नये.

पोटातूनही पाणी हवे

भाजलेल्या कातडीतून अंगातले पाणी जास्त जाते. तहान लागण्याची वाट न बघता पाणी, ताक, कैरीचे पन्हे, लिंबू सरबत घेत राहावे. लिंबू अंगाला नको, पोटात चालते. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

चक्कर किंवा फार थकवा असेल तर ओआरएस घ्यावे. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात पाकीट मिळते. १ लिटरचे पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात मिसळावे. अर्धे पाकीट ग्लासात टाकू नये, प्रमाण बिघडते. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे.

फार दुखत असेल तर मोठ्या माणसाने जेवणानंतर पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची १ गोळी घ्यायला हरकत नाही. पुढच्या गोळीत किमान ६ तासांचे अंतर ठेवावे. लिव्हरचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. अंगदुखीच्या इतर तीव्र गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. अंगातले पाणी कमी झालेले असताना त्या किडनीला त्रास देतात. मुलांना मोठ्यांची गोळी मोडून देऊ नये.

दर वेळी दोष उन्हाचाच नसतो

बांधावरच्या गाजर गवताने, म्हणजे काँग्रेस गवतानेही असाच त्रास होतो. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेले हे गवत आता गावोगाव आहे. त्याची ॲलर्जी असेल तर पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणीत खाज सुटते, कातडी जाड आणि काळी पडते आणि उन्हात त्रास वाढतो. सनबर्न आठवड्यात बरा होतो, हा त्रास होत नाही.

औषध फवारल्यानंतर अंगाची आग होत असेल तर ते ऊन लागले म्हणून सोडून देऊ नका. लगेच कपडे बदलून साबण-पाण्याने अंघोळ करावी. मळमळ, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, तोंडाला लाळ सुटणे अशी लक्षणे असतील तर औषधाची बाटली सोबत घेऊन तातडीने दवाखाना गाठावा.

काही गोळ्यांमुळेही ऊन जास्त बाधते. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक आणि रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवीच्या काही गोळ्या त्यात येतात. थोड्याशा उन्हानेही कातडी भाजत असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

दवाखान्यात कधी जायचे?

* वर्षाच्या आतल्या बाळाची कातडी भाजली तर लगेच.
* तोंडावर किंवा अंगाच्या मोठ्या भागावर फोड आले तर.
* ताप, थंडी, उलट्या सुरू झाल्या तर.
* फोडातून पू येत असेल किंवा सूज, दुखणे वाढत असेल तर.
* डोळे दुखत असतील, उजेड सहन होत नसेल तर.

अंग तापलेले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे, झटके येत आहेत किंवा शुद्ध हरपते आहे, तर तो उष्माघात असू शकतो. तिथे कोरफड शोधत बसू नका. सावलीत आणा, अंगावर पाणी घालून वारा घाला आणि १०८ वर फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

दुसऱ्या दिवशी कामावर जायचेच असेल तर

भाजलेल्या कातडीला पुन्हा ऊन लागू नये, हा खरा नियम. पण हातावर पोट असलेल्याला घरी बसणे जमत नाही. मग निदान ती जागा पूर्ण झाकावी. साडीवर घरातला जुना, पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा सुती शर्ट घालण्याची आपल्याकडच्या बायकांची पद्धत यासाठी उत्तम आहे. कॉलर वर केली की मान झाकते आणि पाठीची पट्टीही शर्टाखाली येते. पुरुषांनी उपरणे किंवा टॉवेल नुसता डोक्याला न गुंडाळता मानेवर येईल असा घ्यावा. पातळ, आरपार दिसणाऱ्या कापडातून ऊन आत येते, त्यामुळे घट्ट विणीचे पण सैल कपडे निवडावेत.

ऊन किती कडक आहे हे आपली सावली सांगते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण तीव्र आहेत असे समजावे. शक्य असेल तिथे टोळीने मुकादमाशी आधीच बोलून सकाळी लवकर काम सुरू करावे आणि दुपारी १२ ते ४ सावलीतले काम घ्यावे. ते जमले नाही तर दर तासाने थोडा वेळ झाडाखाली बसावे. रात्री पाठीला गार फडके आणि सकाळी अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, एवढे केले तरी दुसऱ्या रात्री झोप लागते.