सिम्युलेशन प्रशिक्षण, द्विभाषिक (परिचर्या)

परिचर्येच्या विद्यार्थ्यांकडून पुतळ्यावर किंवा रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीवर दोन भाषांतून करून घेतला जाणारा सराव. एक भाषा रुग्णाची, दुसरी केसपेपरची. सुई चुकली तरी कुणाला इजा होत नाही, तसाच शब्द चुकला तरी होत नाही.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयात १९११ मध्ये मार्था चेस यांनी घडवलेली माणसाएवढी बाहुली परिचारिकांच्या सरावासाठी आली. नॉर्वेतील खेळणी-उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांची ‘रेससी ॲन’ १९६० ची. आजच्या पुतळ्यांना नाडी व श्वास असतो; पडद्यामागचा शिक्षक त्यांच्या तोंडून बोलतो. भाषेचा प्रश्न तिथे सुरू होतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमातही सिम्युलेशन आहे.

पद्धत : आधी प्रसंगाची ओळख, मग प्रत्यक्ष प्रसंग, शेवटी चर्चा. रुग्णाशी बोलणे त्याच्या भाषेत. डॉक्टरांना निरोप इंग्रजीत आणि ठरलेल्या क्रमाने : परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस. चर्चा मात्र विद्यार्थ्याला सोयीच्या भाषेत, कारण आपण कुठे गोंधळलो हे परक्या भाषेत सांगताना माणूस गप्प बसतो.

उदाहरण : रायगडच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीसाठी प्रसंग रचायचा, तर विंचूदंशाचा रचावा. याच महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर संशोधन केले. प्राझोसिन हे औषध त्यांनी उपचारात आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

रुग्ण म्हणतो, “विंचू उतरवून घेतलाय, आता बरंय.” परराज्यातून आलेली विद्यार्थिनी ‘प्रकृती सुधारली’ असे लिहून मोकळी होईल. ‘उतरवणे’ म्हणजे मांत्रिकाकडे जाणे, म्हणजेच उपचाराआधी गेलेला वेळ. शिवाय दंशाच्या जागी फारशी वेदना नसणे हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे. घाम, ओकाऱ्या, गार पडलेले हातपाय यांवर नजर ठेवावी लागते. पुढे फुप्फुसांत पाणी साचून दम लागू शकतो. म्हणून पहिला प्रश्न : “किती वाजता चावला?” दुसरा : “घाम सुटलाय का?” उत्तरे मराठीत ऐकायची आणि फोनवर इंग्रजीत सांगायची.

परदेशांत : ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी बाहेरच्या परिचारिकांना ‘ऑस्की’ ही प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, तिच्या काही टप्प्यांवर रुग्णाचे काम नट करतात. जर्मनीत मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ पातळीची भाषा लागते. महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला, त्यात परिचारिकाही आहेत. हिरकणीवाडीत ‘उतरवणे’ अडते, तसे तिथल्या श्टुटगार्टच्या वॉर्डात स्थानिक श्वाबियन बोली अडू शकते.