पत्राखाली नाव नसते तेव्हा

गणपतीपुळ्याला जाणारी मंडळी समुद्रकिनारा पाहून झाल्यावर शेजारच्या मालगुंडला केशवसुतांच्या जन्मगावी जाऊन येतात. कृष्णाजी केशव दामले हे या कवीचे खरे नाव किती जणांच्या ओठी असते? टोपणनाव घेणे ही पुढे आपल्या कवींची रीतच होऊन बसली. परंतु केशवसुतांचा जन्म १८६६ सालचा. त्यापूर्वीच मराठी माणूस नाव झाकून लिहू लागला होता, आणि ते काही हौसेखातर नव्हे.

१८४१ साली मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू’ अशा सहीने काही पत्रे छापून आली. इंग्रजांच्या राज्याने या देशाची संपत्ती कशी ओढून नेली, याचा जाब त्यांत विचारलेला होता. लेखक होते भास्कर पांडुरंग तर्खडकर, व्याकरणकार दादोबांचे धाकटे बंधू. त्याच वर्षी भाऊ महाजनांनी ‘प्रभाकर’ साप्ताहिक काढले, आणि १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या नावाने त्यात जी पत्रे आली, ती ‘शतपत्रे’ म्हणून गाजली. संख्येने ती १०८ आहेत. गोपाळ हरि देशमुख हे त्यांचे कर्ते सरकारी नोकरीत होते. पहिली पत्रे लिहिली तेव्हा वय अवघे पंचवीस.

आपल्या धर्मग्रामात निनावी पत्र म्हटले की कपाळाला आठी पडते. कोणा शिक्षकाविरुद्ध, कोणा फादरांविरुद्ध गुपचूप धाडलेला तो कागद! मग लोकहितवादी त्याच पंक्तीतले का? मला तसे वाटत नाही. त्यांची पत्रे उघड छापली जात, ज्याला राग येई त्याला उत्तर देता येई, आणि संपादक म्हणून भाऊ महाजन जबाबदारीने उभे होते. शिवाय लेखकाचा रोख दूरच्या शत्रूवर नव्हता. अर्थ न कळता केलेले पाठांतर, बालविवाह, विधवांचे हाल, यांवरून त्यांनी स्वतःच्याच ब्राह्मण जातीला धारेवर धरले. देशी माल वापरा, असेही ते सांगत. साहेबाच्या रोषापेक्षा घरच्या ओसरीवरचा रोष त्यांना अधिक जाचला असता, असे मला राहून राहून वाटते. त्यांचे मराठी मात्र भीत नाही. पंडिती अलंकार टाकून ते समोर बसलेल्या माणसाशी बोलावे तसे बोलते.

रशियन साहित्यातही असे एक जुने पत्र आहे. १६१०-११ च्या हिवाळ्यात मॉस्को पोलिश सैन्याच्या ताब्यात असताना कोणी अज्ञाताने लोकांना उठावाची हाक दिली आणि शत्रूपुढे न झुकणाऱ्या कुलगुरू हेर्मोगेन यांची थोरवी गायिली. ते पोलिश आपलेच कॅथलिक धर्मबंधू, हे सांगण्यात संकोच कशाला? ज्याच्या हाती हे पत्र पडेल त्याने ते दडवू नये, माणूस पारखून पुढे द्यावे, अशी विनंती लेखकाने केली होती. छापखाना त्याच्या हाताशी नव्हता; हाताने नकला करूनच ते फिरायचे. त्याचे नाव आजतागायत कोणास ठाऊक नाही.

गोपाळरावांचे तसे झाले नाही. ते पुढे न्यायाधीश झाले, १८९२ साली निवर्तले. नाव सर्वांना कळले, तरी मराठी वाचक त्यांना लोकहितवादी म्हणूनच ओळखतो.