विरजणाकडून वाणाकडे

प्रोबायोटिक म्हणजे आपले दहीच ना? या विषयाकडे वळणारा वाचक बहुधा हा प्रश्न घेऊनच येतो, आणि त्याने खुशाल यावे. कोमट दुधात चमचाभर विरजण कालवले की रात्रभरात जिवाणू दुग्धशर्करेचे आम्ल करतात, केसीन आळते, दही लागते. दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसते, कारण त्यातल्या जिवाणूंचे विकर पोटात गेल्यावरही उरलेली शर्करा फोडत राहते. मात्र कोणत्या घरच्या विरजणात कोणते जिवाणू आणि किती, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. इडलीचे पीठही जिवाणूच आंबवतात, पण वाफेवर ते मरतात.

२००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तिला सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा मात्रेत हवेत आणि त्यांचा आरोग्याला लाभही व्हायला हवा. बाजारातल्या बऱ्याच डब्या या शेवटच्या अटीपाशी अडखळतात.

विषयाचे आजोबा इल्या मेचनिकॉफ. प्रतिकारशक्तीवरच्या संशोधनासाठी त्यांना १९०८ साली नोबेल मिळाले. बल्गेरियातल्या शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय त्यांनी आंबट दुधाला दिले. कल्पना मोहक होती, पण तो बल्गेरियन जिवाणू आतड्यात टिकत नाही, असे पुढे दिसले. जठरातले आम्ल आणि पित्त सोसून तगणारे जिवाणू निवडायचे, हा विचार घेऊन क्योटोमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० साली आपला वाण वेगळा केला.

खरी मेख या वाणातच आहे. रब्बीचे बियाणे घेताना शेतकरी नुसती ज्वारी मागत नाही, मालदांडी की आणखी कोणती ते विचारतो. इथेही तसेच. ‘लॅक्टोबॅसिलस’ एवढेच छापलेली डबी काहीच सांगत नाही. ‘ऱ्हॅम्नोसस जीजी’ यातल्या ‘जीजी’ला अर्थ आहे. आणि तेवढ्यानेही भागत नाही! अँटिबायोटिकमुळे मुलांना होणारे जुलाब याच वाणाने कमी होतात, असे पुरावे आहेत. पण जठरांत्रदाहाने आजारी पडून तातडीच्या विभागात आलेल्या बालकांना त्याचा फायदा दिसला नाही, असे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने २०१८ साली दाखवले. वाण तोच, तक्रार वेगळी.

आपल्याकडचे सर्वांत बोलके काम ओडिशाच्या खेड्यांतले. तिथे ४,५५६ नवजात बाळांपैकी निम्म्यांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक वाण आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा दिली गेली. जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४० टक्क्यांनी घटले. २०१७ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आले, तेव्हा त्याचे भरपूर कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. फक्त एक तपशील निसटू देऊ नये: ही बाळे किमान दोन किलो वजनाची आणि ३५ आठवडे पूर्ण झालेली होती. फार आधी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली इशारा दिला आहे, कारण त्यांच्यात हेच जिवाणू रक्तात उतरून जिवावर बेतू शकतात.