रिओ क्लारोचं भेसळ बियाणं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातल्या पॉलिस्ता रेल्वे कंपनीला लाकडाची विवंचना होती. इंजिनं लाकडावर चालायची आणि रुळांखाली स्लीपर लागायचे. कॉफीच्या मळ्यांनी मात्र जंगल मागे रेटत नेलं होतं. १९०४ साली कंपनीने एदमुंदो नावारो दे आंद्रादे या तरुण कृषितज्ज्ञाला कामावर घेतलं. जळाऊ लाकूड लवकर कोणतं झाड देईल, एवढंच त्याला शोधायचं होतं. त्याने देशी झाडांच्या शेजारी ऑस्ट्रेलियाची निलगिरी लावून पाहिली आणि निलगिरीने बाकीच्यांना मागे टाकलं. मग नावारो या झाडाच्या नादीच लागला. १९१४ मध्ये तो स्वतः ऑस्ट्रेलियाला गेला. परत आल्यावर रिओ क्लारो इथल्या कंपनीच्या वनबागेत त्याने शेकड्यावर जाती लावल्या. तिथे आज निलगिरीचं संग्रहालयही आहे.

आज जगभर लगद्यासाठी लावल्या जाणाऱ्या संकरित निलगिरीची आणि तिच्या निवडीसाठी वापरल्या जाणाऱ्या डीएनए-खुणांची कुळी शोधत मागे गेलं, की आपण या वनबागेशी येऊन पोचतो. नावारोला संकर करायचा नव्हता. त्याने फक्त एकमेकींच्या शेजारी लावू नयेत अशा जाती शेजारी लावल्या. ऑस्ट्रेलियात या जातींमध्ये शेकडो मैलांचं अंतर किंवा समुद्र होता, रिओ क्लारोत एक पायवाट. निलगिरीला आपल्याच परागापेक्षा परका पराग जास्त मानवतो. मधमाश्यांनी बाकीचं काम उरकलं.

त्यात एक घोळ झाला. १९१९ मध्ये जावातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानातून बियाणं आलं, त्यावर 'अल्बा' जातीचं नाव होतं. ही झाडं ब्राझीलमध्ये उत्तम वाढली आणि पुढची कित्येक दशकं 'रिओ क्लारोची अल्बा' म्हणून तिचं बियाणं देशभर जात राहिलं. ती अल्बा नव्हतीच. तिमोर, फ्लोरेस, वेतार अशा इंडोनेशियाच्या आग्नेय बेटांवर वाढणारी ती वेगळीच जात होती, आणि एस. टी. ब्लेक या ऑस्ट्रेलियन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला 'युरोफायला' हे नाव १९७७ मध्ये दिलं. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ आईचं नाव चुकीचं आणि बापाचा पत्ता नाही, असं बियाणं पोत्यांनी विकलं गेलं.

आपल्याकडे याला चुलतभाऊ आहे. बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांवर टिपू सुलतानाच्या काळात, म्हणजे १७९०च्या सुमारास, निलगिरी लागल्याचं सांगतात. तिथे एकत्र वाढलेल्या जातींच्या बियाण्याला पुढे 'मैसूर गम' किंवा नुसतंच 'युकॅलिप्टस हायब्रीड' म्हणू लागले. प्रत्यक्षात तिच्यात टेरेटिकॉर्निस या एका जातीचाच वाटा मोठा. स्वातंत्र्यानंतर वनखात्यांनी देशभर लावली ती मुख्यतः हीच. या सरमिसळीचा तोटा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको. हायब्रीड ज्वारीचं कणीस घरी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर रान कसं येतं, उंच-बुटकं, लवकर-उशिरा, हे त्याने पाहिलेलं असतं. संकराच्या पहिल्या पिढीचा जोम दुसऱ्या पिढीत विखुरतो. रिओ क्लारोच्या बियाण्यातून उभी राहिलेली निलगिरी अशीच होती. एखादं झाड गगनाला भिडलेलं, शेजारचं खुरटं.

१९६७ पासून अराक्रूझ कंपनीने एस्पिरितो सांतो राज्याच्या किनारपट्टीवर लगद्यासाठी याच बियाण्यातून हजारो हेक्टर लागवड केली. हवा दमट आणि उष्ण होती. १९७०च्या दशकात सालीवर कँकरची बुरशी आली आणि ग्रँडिस जातीचे प्लॉट तडकून वाळू लागले. पण रोगट प्लॉटमध्येही अधूनमधून एखादं सरळ, जाड, निरोगी झाड उभं होतं. यातली बरीचशी झाडं युरोफायलाचं रक्त असलेले संकर होते. ग्रँडिसकडून वाढीचा वेग आलेला, युरोफायलाकडून कँकरशी झुंजायची ताकद. पुढे 'युरोग्रँडिस' म्हणून जगभर गाजला तो हाच जोड.

आता प्रश्न असा की असं एक झाड सापडल्यावर त्याचं करायचं काय? त्याचं बी लावलं तर पुन्हा तेच विखुरलेलं रान. त्याच्या फांदीचा छाट लावावा तर मोठ्या झालेल्या निलगिरीची फांदी मुळं धरत नाही. उपाय उलटा निघाला. निवडलेलं झाड सरळ तोडायचं. बुंध्याच्या खुंटावर जे फुटवे येतात ते वयाने लहान असल्यासारखे वागतात, आणि त्यांचे छाट दमट हरितगृहात मुळं धरतात. काँगोत पॉइंट-न्वार इथे फ्रेंच वनतज्ज्ञांनी १९७८ मध्ये अशी व्यापारी लागवड सुरू केली आणि अराक्रूझने १९७९ मध्ये. अराक्रूझच्या चौघांना, ब्रँडाँव, कांपिन्योस, दोस सांतोस आणि इकेमोरी यांना, १९८४ मध्ये मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत मोठा शोध हाच आहे. पुढे आलेल्या डीएनएच्या तंत्राचं मोल निम्म्याहून अधिक त्याच्यावर उभं आहे. निवडलेल्या झाडाची हुबेहूब लाखो रोपं करता आली नसती, तर ते झाड कितीही अचूक ओळखून उपयोग काय होता?

तरी एक अडचण राहिली, वेळेची. निसर्गाने चुकून केलेले संकर किती दिवस वेचत बसायचं? हवे ते आईबाप जुळवून नवे संकर करायचे, तर निलगिरीच्या कळीची टोपी उघडायची, पुंकेसर काढायचे, पिशवी बांधायची, पराग लावायचा. मग बी, रोप, शेतातली चाचणी, त्यातून निवडलेल्यांची छाटांनी वाढवलेली दुसरी चाचणी. कागदी लाकडासाठी ब्राझीलमध्ये झाड सहा-सात वर्षांत तोडतात, आणि ते कसं निघालं हे कळायला जवळपास तेवढंच वय लागतं. एका फेरीला बारा ते अठरा वर्षं. एका पैदासकाराच्या नोकरीत दोन फेऱ्या बसल्या तरी खूप.

रोपाच्या पानातूनच झाडाचं भविष्य वाचता आलं तर? ही कल्पना पिकांमध्ये १९८०च्या दशकात आकाराला येत होती. डीएनएच्या लांब साखळीवर जागोजागी फरक असतात. असा एखादा फरक चांगल्या गुणाच्या जनुकाजवळ असेल तर दोघे बहुधा एकत्रच वारसाने जातात. मग जनुक न सापडताही खुणेवरून गुणाचा माग काढता येतो. मक्यात, टोमॅटोत हे जमलं, कारण तिथे शुद्ध वाण असतात. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःशीच फळवलेले, आतून एकजिनसी. त्यांचा संकर केला की खुणांचा हिशेब सरळ लागतो. निलगिरीला स्वतःशी फळवलं तर रोपं खुरटतात, आणि शुद्ध वाण करायला अनेक पिढ्या घालवायची कोणाची तयारी नव्हती.

ही गाठ सोडवली ती दारिओ ग्रातापाग्लिया या ब्राझिलियन संशोधकाने, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रॉन सेडेरॉफ यांच्यासोबत काम करताना. त्याने युक्ती अशी केली, की जी गोष्ट अडचण समजली जात होती तिचाच उपयोग केला. निलगिरीचं प्रत्येक झाड आतून मिश्र असतं. त्याच्या गुणसूत्रांच्या दोन प्रतींत एका जागी एक प्रकार, दुसरीत दुसरा. ग्रँडिसचं एक झाड आणि युरोफायलाचं एक झाड घ्या. आईत जी खूण दोन प्रतींपैकी एकाच प्रतीवर आहे आणि बापात मुळीच नाही, ती मुलांपैकी निम्म्यांत येईल आणि निम्म्यांत येणार नाही. म्हणजे मेंडेलच्या चाचणी संकरासारखाच निकाल, शुद्ध वाणाशिवाय. अशा शेकडो खुणा एकाच कुटुंबात मोजल्या आणि कोणत्या दोन खुणा वारंवार एकत्र जातात ते पाहिलं, की आईच्या गुणसूत्रांचा एक नकाशा तयार होतो. तीच गोष्ट उलटी बघितली की बापाचा नकाशा. एकाच कुटुंबातून दोन नकाशे.

साधनही स्वस्त होतं. १९९० मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलेल्या रॅपिड नावाच्या पद्धतीत दहा अक्षरांचे छोटे डीएनए तुकडे वापरून जेलवर पट्टे उमटवतात. पट्टा दिसला तर खूण आहे, नाही तर नाही. १९९४ मध्ये 'जेनेटिक्स' नियतकालिकात हे नकाशे छापून आले. ६२ भावंडं, ग्रँडिसच्या बाजूला २४० खुणा आणि १४ गट, युरोफायलाच्या बाजूला २५१ खुणा आणि ११ गट. निलगिरीत गुणसूत्रांच्या जोड्या ११ च असतात. म्हणजे ग्रँडिसच्या नकाशात काही सांधे जुळायचे बाकी होते. पुढच्याच वर्षी याच कुटुंबात फुटवे येण्याच्या आणि छाटाने मुळं धरण्याच्या क्षमतेशी जोडलेल्या जागा दाखवणारा लेख आला. विषयाची निवड पाहा. लाकडाच्या आधी त्यांनी मुळं धरण्याचा गुण शोधायला घेतला. अराक्रूझची शिकवण तिथपर्यंत पोचली होती.

त्यानंतरची काही वर्षं भलतीच आशेची होती, आणि बरीच आशा फुकट गेली. एका कुटुंबात वाढीशी जोडलेली खूण दुसऱ्या कुटुंबात मुकी निघायची, कारण तिथे तीच खूण दुसऱ्याच प्रकाराच्या शेजारी बसलेली असायची. शिवाय खोडाची जाडी हा गुण एका-दोन जनुकांचा नसतो. शेकडो जनुकं थोडं थोडं ढकलतात. खुणांचा रोजच्या कामात खरा उपयोग झाला तो त्या मानाने साध्या ठिकाणी. रोपवाटिकेत कोणता क्लोन कोणता, ट्रे अदलाबदल झाले का, मोकळ्या परागाने आलेल्या रोपाचा बाप कोण, हे ठरवायला. नावांच्या घोळातूनच जन्मलेल्या या झाडाची जन्मनोंद अखेर डीएनएने पुरी केली, हे मला फार योग्य वाटतं.

एक अपवाद तांबेऱ्याचा. पेरूवर प्रथम नोंदवलेली ही दक्षिण अमेरिकी बुरशी निलगिरीवर उतरली. पेरू, जांभूळ आणि निलगिरी एकाच कुळातले, म्हणून तिला हा बदल जड गेला नाही. ऑस्ट्रेलियात ही बुरशी २०१० पर्यंत नव्हतीच, तरी काही निलगिरींत तिचा प्रतिकार करणारं एक ठळक जनुक सापडलं. २००३ मध्ये ग्रँडिसमधल्या या जनुकाजवळची खूण प्रसिद्ध झाली. एक जनुक, मोठा परिणाम, जवळची खूण. पाठ्यपुस्तकातलं हे चित्र निलगिरीत स्पष्ट दिसलं ते इथे.

मोठ्या गुणांसाठी मात्र विचारच बदलावा लागला. मेउविसेन, हेज आणि गॉडर्ड यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धत आधी दुधाळ जनावरांत रुजली. चांगल्या जनुकाची जागा शोधत बसू नका, हजारो खुणा एकदम मोजा आणि सगळ्यांच्या छोट्या-छोट्या परिणामांची बेरीज करून रोपाला गुण द्या. निलगिरीत २०१२ मध्ये दोन कंपन्यांच्या दोन समूहांवर, ३००० हून अधिक खुणा वापरून, हे करून दाखवलं गेलं. अंदाजाची अचूकता ०.५५ ते ०.८८ आली, म्हणजे वर्षानुवर्षांच्या प्रत्यक्ष मोजमापाच्या तोडीची.

२०१४ मध्ये ग्रँडिसचा संपूर्ण जीनोम 'नेचर'मध्ये छापला गेला. त्यासाठी ब्राझीलचं 'ब्रासुझ-१' हे झाड वापरलं, मुद्दाम स्वतःशी फळवून घेतलेलं, म्हणजे दोन प्रतींतले फरक कमी होऊन जुळणी सोपी व्हावी. त्याच्या अशा भावंडांत मिश्रपणा निम्म्यावर यायला हवा होता. प्रत्यक्षात सरासरी सुमारे दोन-तृतीयांश राहिला होता. जी रोपं एकजिनसी झाली त्यातली बरीच मुळात जगलीच नसावीत. शुद्ध वाण करायचा नाद कोणी का धरला नाही, याचं उत्तर एका कुटुंबाच्या डीएनएत मिळालं.

पुढच्याच वर्षी साठ हजार खुणांची चिप बाजारात आली, अनेक जातींसाठी चालणारी. आता मोठ्या कंपन्या नव्या संकराची हजारो रोपं उगवून त्यांची पानं तपासतात, वरच्या रांगेतली निवडून थेट क्लोन-चाचणीत टाकतात, आणि मधली चाचणी वाचवतात. ब्राझीलमध्ये निलगिरीचं सरासरी उत्पादन आज हेक्टरी वर्षाला ३५ घनमीटरच्या आसपास आहे. यात खत, मशागत आणि क्लोन यांचा वाटा खुणांपेक्षा मोठा आहे, हे सांगून टाकलेलं बरं. आणि या हिशेबात घनमीटर असतात, लगदा असतो, भूजल नसतं. कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये नव्या निलगिरी लागवडीवर बंदी घातली, त्या वादाला चिप काहीही उत्तर देत नाही.

२०१२ च्या त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष कंपन्यांना कमी आवडतो. एका समूहावर बसवलेलं गणित असंबंधित समूहात जवळजवळ चालत नाही. जनुकांच्या जोड्या वेगळ्या, माती-हवा वेगळी. भारतातल्या टेरेटिकॉर्निस आणि कमाल्डुलेन्सिस या जातींच्या संकराला ब्राझीलच्या युरोग्रँडिसचे आकडे उसने घेता येत नाहीत. आणि तोच समूह पुढच्या पिढीत गेला तरी खूण आणि गुण यांची जोडी हळूहळू सुटत जाते. त्यामुळे दर एक-दोन पिढ्यांनी काही हजार झाडं पुन्हा शेतात लावायची, वर्षानुवर्षं मोजायची, तोडायची, लाकूड तपासायचं, आणि गणित नव्याने बसवायचं.