उजनीकाठचा पडदा

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या दोन जागा आहेत. एक उजनीच्या पाण्याखाली, दुसरी वर माळाला. 1980 साली धरण पूर्ण झालं, तोवर भीमाकाठची घरं उठली होती. 117 टीएमसी पाणी साठवायचं म्हटल्यावर गावं हलणारच. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी हटलं, की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. मग पुण्या-मुंबईहून लोक फोटो काढायला येतात. देवळाशेजारी कुणाचं घर होतं, हे ठाऊक असलेली माणसं त्या फोटोंत नसतात.

माझ्या लहानपणी सिनेमा जत्रेत यायचा, ट्रकमधून, तंबूसकट. मातीत बसून आम्ही पाहायचो त्या सिनेमातलं गाव कोल्हापूरच्या स्टुडिओतलं असायचं. पाटील, वाडा, तमाशा. धरणात रान गेलेला शेतकरी, वडार, कैकाडी, पारधी ही माणसं तंबूत तिकीट काढून बसलेली असायची, पण गोष्ट क्वचितच त्यांची असायची.

सिनेमा शिकायचा तर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, 1960 साली प्रभातच्या जागेत सुरू झालेली. तिथल्या विद्यार्थ्यांनी आपलं घर पडद्यावर आणलं, हे खरंच. उमेश कुलकर्णींचा पदविकेचा लघुपट ‘गिरणी’ पाहताना मला आमच्या गल्लीतली बिऱ्हाडं आठवली. विधवा आई पोटासाठी घरातच पिठाची गिरणी बसवते आणि पोराचं बालपण त्या घरघरीत हरवतं. पण आमच्याकडच्या पोराला ती संस्था परवडणारी नव्हती, आणि फिल्मची रिळं तर त्याहून नाहीत.

आमच्यासाठी दार उघडलं ते पाण्याच्या पलीकडून. भिगवणहून सोलापूरकडे निघालेली गाडी पुढे जेऊरला थांबते. करमाळा तालुक्यातलं हे जेऊर म्हणजे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचं गाव. तेव्हाच्या अहमदनगरला न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकताना त्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या गरीब पोराची ती गोष्ट. 2010 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत, नॉन-फीचर विभागात, पदार्पणाचा पुरस्कार कॉलेजात केलेल्या या लघुपटाला मिळाला. त्यातला सूरज पवार पुढे मंजुळेंच्याच ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्येही दिसला. ‘फँड्री’चा नायक सोमनाथ अवघडे केमचा, त्याच रेल्वेमार्गावरचा. ‘सैराट’ने पैसा किती मिळवला, हे सगळे सांगतात. मला त्या पहिल्या लघुपटाचं मोल जास्त वाटतं. आपली बोली, आपला रंग, आपलं घर जसंच्या तसं दाखवता येतं, हा भरवसा या भागाला त्याने दिला.

आता बारामतीत शिकणारी मुलं फोनवर लघुपट करून मला दाखवायला आणतात. बऱ्याच फिल्मांत उसाच्या फडातून पळणारं जोडपं असतं, तेही संथगतीत. ते मला नको असतं. एका मुलीने मात्र आजीला जमिनीवर बसवून फक्त एक प्रश्न विचारला होता: आपलं जुनं घर कुठं होतं? आजीने ज्वारीचे दाणे मागवले. एक मूठ देऊळ, एक मूठ चावडी, मग नदीची वाट. घरापाशी आल्यावर तिने दाणे ठेवले, उचलले, पुन्हा थोडे डावीकडे सरकवून ठेवले आणि पदर सावरत म्हणाली, “इथंच. परसात शेवगा होता.” कॅमेरा हलत होता, आवाजात पंखा घुमत होता. तरी पळसदेवच्या शेकडो फोटोंपेक्षा मला ती फिल्म मोठी वाटते, कारण तीत बुडालेल्या गावात माणसं राहतात.

गाव उठलं तेव्हा विशीत असलेली माणसं आज पासष्टी ओलांडून गेली आहेत. इंदापूर, दौंड, करमाळ्याच्या मुलांनो, या दिवाळीत घरी जाल तेव्हा फोन आजी-आजोबांसमोर धरा. घर कुठं होतं, शेजारी कोण होतं, रान किती गेलं, बदल्यात कुठं मिळालं, एवढं विचारा. संगीत, संकलन नंतर शिकता येईल. बोलणं आधी टिपून घ्या.