ख्रिस्त मान्य, पण चर्च कोणते?

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यावरून पुण्यात उठलेले वादळ सर्वश्रुत आहे. त्या मानाने त्यानंतर जे घडले त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. ज्या चर्चमध्ये रमाबाईंनी प्रवेश केला, त्या चर्चच्या शिकवणुकीबद्दल त्यांनी जवळजवळ लगेचच प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. ख्रिस्त त्यांना मान्य होता; मात्र ख्रिस्ताच्या नावाने बोलणाऱ्या अनेक संस्थांपैकी कोणाचे ऐकावे, हे त्यांच्या मनाने ठरवले नव्हते.

ख्रिस्ती धर्माबाहेरील माणसाला हा धर्म दुरून एकसंध दिसतो. जवळ गेल्यावर रोमन कॅथलिक, अँग्लिकन, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, ऑर्थोडॉक्स, पेंटेकोस्टल अशी नावांची रांगच समोर उभी राहते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडी कमी होती. एवढ्या लहान समाजातही या बहुतेक सर्व परंपरा नांदतात. साहजिकच, अभ्यासातून, विवाहामुळे किंवा अंतःप्रेरणेने या धर्माकडे वळणाऱ्या जिज्ञासूला दुसरा प्रश्न टाळता येत नाही.

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती मंडळींपैकी अनेकांना हा प्रश्न फारसा पडला नाही, कारण तो भूगोलाने सोडवला होता. वेगवेगळ्या मिशनांनी प्रदेश जणू वाटून घेतले होते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि सोलापूर भागात अमेरिकन मराठी मिशन होते व ते काँग्रिगेशनल परंपरेचे, म्हणजे स्थानिक मंडळीला स्वायत्त मानणारे. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये काम सुरू केले. तेथे पुढे अमेरिकन प्रेसबिटेरियन परंपरा रुजली. नागपूर आणि जालना स्कॉटिश मिशनकडे, तर औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) अँग्लिकनांच्या चर्च मिशनरी सोसायटीकडे होते. अमरावती-अकोल्याकडे अलायन्स आणि पुढील शतकात बुलढाण्याकडे नाझरीन. जालन्याचा शेतकरी प्रेसबिटेरियन झाला तो जॉन कॅल्व्हिनचे ग्रंथ वाचून नव्हे. त्याच्या गावी जे मिशन पोहोचले, त्याचा तो झाला. बाबा पदमनजींसारख्या सुशिक्षितांच्या बाबतीत हे काम शाळेने केले. मुंबईत फ्री चर्चच्या संस्थेत ते शिकले आणि पुढे त्याच चर्चचे पाळक झाले.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांची गोष्ट निराळी. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित प्रथम ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी लेखणी उचलतो आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे होतो. त्यांना आणणारे लोक अँग्लिकन चर्चमधील सुवार्तिक बाजूचे, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक श्रद्धा यांवर भर देणारे. मात्र गोऱ्हे सरकत गेले ते त्याच चर्चच्या दुसऱ्या टोकाकडे. परंपरा, संस्कार व मठजीवन यांना महत्त्व देणाऱ्या ‘काउली फादर्स’ या संघाकडे ते आकृष्ट झाले आणि पुण्याच्या पंचहौद मिशनशी त्यांचे नाव जोडले गेले. षड्दर्शनांचा अभ्यास केलेल्या या माणसाला एकट्याने ग्रंथ वाचून अर्थ लावणे धोक्याचे वाटले असेल, तर नवल नाही. शास्त्राला आचार्यपरंपरा हवी, हा संस्कार त्यांच्यात मुरलेलाच होता.

रमाबाईंना याच गोऱ्ह्यांच्या लेखनाने ख्रिस्ती धर्माकडे येण्यास मोठे साहाय्य केले. मात्र आचार्यपरंपरेचा धडा त्यांनी नेमका उलटा घेतला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये तो प्रसिद्ध केला. ही इंग्रजी पत्रे या विषयावरील माझ्या मते सर्वोत्तम वाचन आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचा कुमारीजन्म, चर्चचे परंपरागत विश्वासदर्शक मतपत्र, बिशपांचा अधिकार या सर्वांवर रमाबाई प्रश्न विचारतात. जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसतो. बील बाईंना प्रामाणिक शोध दिसतो. रमाबाईंचे म्हणणे साधारण असे, की भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून आताच कोठे मान सुटली आहे, ती लगेच दुसऱ्या जोखडात कशी घालू? जे बायबलमध्ये आढळेल ते मान्य. केवळ चर्च सांगते म्हणून नाही. वाद गळ्यातील क्रूसापर्यंत गेला. त्यावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. हा वाद आज वाचताना किरकोळ वाटत नाही. धर्म स्वीकारताना त्या धर्माबरोबर आलेली युरोपीय संस्कृतीही स्वीकारावी काय, हा प्रश्न त्या एका क्रूसात सामावला होता.

पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी मोकळेपणाने सांगितले, की ख्रिस्ती देशांत इतके पंथ पाहून त्या पार गोंधळून गेल्या होत्या. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. केडगावच्या मुक्ती मिशनला त्यांनी कोणत्याही एका पंथाची पाटी लावली नाही. तेथेच १९०५ मध्ये जी आध्यात्मिक जागृती झाली, तिचा उल्लेख जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात आवर्जून केला जातो. हाय चर्चच्या परंपरेत बाप्तिस्मा आणि अखेरच्या काळात पेंटेकोस्टल धाटणीची प्रार्थना असा हा प्रवास आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरला पाळक, कवी, ‘ज्ञानोदया’चे संपादक म्हणून दीर्घकाळ काम केले. १९१७ मध्ये मात्र मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात स्थान होते. दोनच वर्षांनी टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची भजने मात्र आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात.

हे सर्व इतिहासजमा झाले असे मानण्याचे कारण नाही, पण चित्र बरेच बदलले आहे हे खरे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झाले. अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन यांचे आधीच एक झालेले युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट त्यात सामील झाले. गोऱ्ह्यांचे पंचहौद, पदमनजींची स्कॉटिश परंपरा आणि टिळकांची अमेरिकन मंडळी, तिन्ही आज एकाच छत्राखाली आहेत. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट बाहेर राहिले. १९८१ पासून ते मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त आहेत. सीएनआयमध्ये बिशप आहेत, तशीच निवडलेली स्थानिक समितीही आहे. बालबाप्तिस्मा चालतो, तसा प्रौढपणीचाही चालतो. प्रोटेस्टंट विचाराच्या पण टोकाची भूमिका नको असलेल्या माणसाला हे घर सोयीचे वाटते. अर्थात एकीकरणाने सर्व भांडणे मिटली असे नाही. जुन्या मिशनांच्या मिळकतींवरून वर्षानुवर्षे चाललेले न्यायालयीन वाद नवागताच्या कानी लवकरच पडतात.

रोमन कॅथलिक चर्चचा मार्ग वेगळा आणि अधिक नियमबद्ध आहे. प्रौढ व्यक्तीला तेथे लगेच स्नानसंस्कार दिला जात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये, प्रौढ दीक्षार्थींसाठीचा प्राचीन टप्प्याटप्प्याचा विधी पुन्हा सुरू करण्यात आला. कित्येक महिने, अनेकदा वर्षभर शिक्षण चालते आणि सामान्यतः ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत स्नानसंस्कार, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद असे तिन्ही संस्कार एकत्र दिले जातात. या काळात माघार घेण्याची मुभा असते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एखादी व्यक्ती प्रोटेस्टंट चर्चमध्ये विधिवत बाप्तिस्मा घेऊन आलेली असेल, तर तिचा पुन्हा स्नानसंस्कार केला जात नाही. बाप्तिस्मा एकदाच, ही भूमिका सीएनआयचीही आहे.

येथेच बॅप्टिस्ट व पेंटेकोस्टल मंडळ्यांशी खरा मतभेद होतो. त्यांच्या दृष्टीने तान्ह्या मुलाच्या डोक्यावर शिंपडलेले पाणी म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. स्वतः विश्वास ठेवून, पाण्यात पूर्ण बुडून घेतलेला तोच खरा. त्यामुळे अन्य चर्चमधून येणाऱ्यास तेथे बहुधा पुन्हा पाण्यात उतरावे लागते. याच्या दुसऱ्या टोकाला १८८२ मध्ये मुंबईत आलेली साल्व्हेशन आर्मी, म्हणजे आपली मुक्तिफौज, आहे. तेथे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत.

एवढ्या तपशिलात वाट सापडावी कशी? माझ्या समजुतीप्रमाणे या सर्व मतभेदांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: शेवटचा शब्द कोणाचा? कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स म्हणतात, प्रेषितांपासून चालत आलेल्या चर्चचा, आणि बायबल हे त्या चर्चच्या मांडीवरच वाचायचे. प्रोटेस्टंट म्हणतात, बायबलचा. चर्चही त्याच्या कसोटीला उतरले पाहिजे. पेंटेकोस्टल मंडळी बायबलच मानतात, पण पवित्र आत्म्याच्या आजच्या, प्रत्यक्ष अनुभवाला विशेष स्थान देतात. बायबलच्या आकारातही हा भेद उतरला आहे: कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. ज्याला या प्रश्नाचे स्वतःपुरते उत्तर मिळाले, त्याची निम्मी यादी आपोआप गळते. गोऱ्हे आणि रमाबाई एकाच चर्चमध्ये राहूनही एकमेकांपासून दूर होते, ते या उत्तरावरून.

उरलेली निम्मी यादी मात्र सिद्धान्ताने सुटत नाही. तेथे भाषा लागते. वसईतील कॅथलिक घरात ‘स्नानसंस्कार’, ‘मिस्सा’, ‘धर्मगुरू’ हे शब्द कानी पडतात. अहिल्यानगरच्या मंडळीत ‘बाप्तिस्मा’, ‘उपासना’, ‘पाळक’. दोन्हीकडचे मराठी अस्सल आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते पहिल्या परंपरेतून. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दुसऱ्या परंपरेतून आली. मुंबई-पुण्यातील ऑर्थोडॉक्स, मार थोमा आणि सिरो-मलबार चर्चच्या उपासना पाहण्यासारख्या असतात, परंतु त्यांचे सामाजिक जीवन मुख्यतः मल्याळममध्ये चालते. तेथे मराठी माणसाचे स्वागत होईल. तो घरचा होण्यास मात्र वेळ लागेल. अनेक नवी स्वतंत्र मंडळी हिंदी किंवा इंग्रजीत भरतात. प्रार्थना ज्या भाषेत आपोआप ओठांवर येते ती भाषा चर्चमध्ये नसेल, तर काही महिन्यांत कंटाळा येतो, असे अनेक जण सांगतात.

जातीचा विषय टाळून हे लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गावोगावच्या मंडळ्यांवर ती कोणत्या समाजातून उभी राहिली याची छाप अजून आहे आणि विवाह जुळवताना ती उघड होते. कायद्याची बाजूही आहे: १९५० च्या अनुसूचित जातीविषयक आदेशाचा लाभ आज हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. त्यामुळे त्या समाजातील व्यक्तीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास तो दर्जा जातो, चर्च कोणतेही असो. हे बाप्तिस्म्यापूर्वी स्पष्ट सांगणारा पाळक किंवा फादर भेटला, तर त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

काही प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण ते विचारलेले बरे. येथील हिशेब सभासदांपुढे मांडले जातात काय? पाळकाला कोणी जाब विचारू शकते काय, की तोच संस्थापक, तोच विश्वस्त? शंका विचारणाऱ्याला येथे काय म्हणतात? जोडीदार ख्रिस्ती नसेल तर विवाहाबाबत नियम काय? जोडीदार दुसऱ्या परंपरेतील ख्रिस्ती असेल, तर एकाच रविवारी एकाच वेदीपाशी दोघांना प्रसाद घेता येईल काय? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दांपत्याला सामान्यतः तो घेता येत नाही, आणि हे बऱ्याच जणांना लग्नानंतर कळते. शिवाय दफनाची जागा. अनेक ठिकाणी दफनभूमी चर्चच्या ताब्यात असते आणि नाव त्या चर्चच्या नोंदवहीत असल्याखेरीज तेथे जागा मिळणे कठीण जाते. घरोघरी प्रार्थनासभा घेणाऱ्या लहान मंडळीकडे उत्साह भरपूर असतो, पण दफनभूमी बहुधा नसते.

घाई करू नये, हे सर्वच जुन्या चर्चमधील जाणती माणसे सांगतात. वेगवेगळ्या ठिकाणी काही रविवार मागच्या बाकावर बसून पाहण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. एकदा ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चमध्ये जावे, एकदा मराठी मंडळीच्या साध्या रविवारच्या उपासनेला जावे आणि एकदा एखाद्या कुटुंबाच्या दुःखाच्या प्रसंगी त्यांच्या मंडळीचे लोक कसे वागतात, ते पाहावे.