श्रीनगरचा डॉन किहोते

1935 साली बॉस्टनच्या कार्ल टिल्डन केलर या पुस्तकसंग्राहकाला एक आगळाच ध्यास लागला. सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीचे अनुवाद तो जगभरातून गोळा करत असे. जपानी, मंगोलियन, आइसलँडिक अनुवाद त्याच्या कपाटात होते. संस्कृत मात्र नव्हता. तो कुणी केलेलाच नव्हता, म्हणून केलरने तो करवून घ्यायचं ठरवलं.

त्याचे स्नेही होते सर ऑरेल स्टाईन. मध्य आशियातल्या मोहिमांनी नावाजलेल्या या संशोधकाचं काश्मीरशी नातं त्याहूनही जुनं. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’ची त्यांनी सिद्ध केलेली संहिता 1892 मध्ये मुंबईत छापली गेली, आणि त्या ग्रंथावरच्या कामात काश्मिरी पंडितांचा त्यांना मोठा आधार होता. संस्कृतात डॉन किहोते हा निव्वळ वेडेपणा आहे, असं स्टाईननी केलरला स्पष्ट सांगितलं. केलरने ते मान्य केलं, पण हट्ट सोडला नाही. अखेर काम गेलं स्टाईनचे श्रीनगरचे मित्र पंडित नित्यानंद शास्त्री यांच्याकडे.

शास्त्रींच्या जोडीला पंडित जगद्धर जाडू आले. ‘नीलमतपुराणा’च्या 1924 सालच्या लाहोर आवृत्तीचे ते एक संपादक. दोघांनाही स्पॅनिश येत नव्हतं. चार्ल्स जार्व्हिसचा 1742 मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद समोर ठेवून त्यांनी कादंबरीच्या पहिल्या भागातली आठ प्रकरणं 1937 पर्यंत संस्कृतात आणली. पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला सरसावणारा तो सरदार त्यांत आहे. वीरकथा वाचून वाचून भान हरपलेल्या माणसाची ही गोष्ट. आणि ती उतरली रथी-महारथींच्या वर्णनांत मुरलेल्या भाषेत! पंडितांनी हाती घेतलेलं हे काम किती कठीण आणि किती रसाळ असेल, हे यावरूनच कळतं.

हस्तलिखित अमेरिकेला गेलं आणि केलरच्या संग्रहाबरोबर पुढे हार्वर्ड विद्यापीठात पोचलं. तिथे ते सुखरूप राहिलं, पण कित्येक दशकं त्याची दखल कुणी घेतली नाही. छापील प्रत निघालेली नव्हती. संस्कृत जाणणाऱ्यांना असं काही आहे याचा पत्ता नव्हता, मग ते मागणार कोण?

मागणी उभी राहिली ती घरातल्या आठवणीतून. नित्यानंद शास्त्रींचे नातू सुरिंदरनाथ पंडिता यांनी आजोबांच्या या कामाविषयी लिहिलं. ते जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठातले बल्गेरियन भारतविद्या अभ्यासक द्रागोमिर दिमित्रोव्ह यांच्या वाचनात आलं. त्यांनी माग काढला आणि हस्तलिखित हार्वर्डच्या ग्रंथालयात सापडलं.

यापुढचा टप्पा पुण्यातला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पाली विभागाने 2019 मध्ये दिमित्रोव्ह यांनी संपादित केलेली आवृत्ती प्रकाशित केली, आणि 2022 मध्ये दिल्लीच्या सर्व्हांतेस संस्थेत तिचा समारंभ झाला. संस्कृत संहितेच्या जोडीला जार्व्हिसचा इंग्रजी मजकूर दिल्यामुळे पंडितांनी कुठे काय केलं, हे अभ्यासकांना वाक्यागणिक ताडून पाहता येतं. पुण्याचे संस्कृतज्ञ श्रीकांत बहुलकर यांच्या आवाजात हा अनुवाद आता ऐकताही येतो.